टॉवर कोणाचं पॅकेट आधी पाठवतो? बदलता सिग्नल आणि शेड्यूलिंग

रेडिओवाला:
मंडळी, "फुल रेंज आहे तरी नेट रडतंय" ही तक्रार इथं सारखी येते आणि उत्तरं पण ठरलेली, सिम बदला, फोन बदला, कंपनी बदला. मी मोबाईल नेटवर्कच्या रेडिओ बाजूला बरीच वर्षं काम करतोय, म्हणून म्हटलं टॉवरवर नेमकं काय चालतं ते एकदा नीट लिहावं, कारण यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग कोणी सांगतच नाही, तो म्हणजे शेड्यूलर, कोणाचं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) कधी पाठवायचं ते ठरवणारा.

४जी मध्ये वेळेचे १ मिलिसेकंदाचे तुकडे पाडलेले असतात आणि बँडविड्थचे १८० किलोहर्ट्झचे ब्लॉक. २० मेगाहर्ट्झचा कॅरिअर (टॉवर वापरतो तो फ्रीक्वेन्सीचा पट्टा) असेल तर असे १०० ब्लॉक. हे १०० ब्लॉक कोणाकोणाला द्यायचे हे टॉवरने दर मिलिसेकंदाला ठरवायचं, म्हणजे सेकंदाला हजार वेळा. प्रत्येक फोनची पॅकेटं टॉवरवर वेगळ्या रांगेत थांबलेली असतात आणि प्रत्येक फोन थोड्या थोड्या वेळाने कळवत असतो की मला आत्ता कसं ऐकू येतंय. त्याला सीक्यूआय म्हणतात, ० ते १५ मधला एक आकडा. १५ म्हणजे एकदम स्वच्छ, एका सिम्बॉलमध्ये ६ बिट कोंबले तरी चालतं. १ म्हणजे कसंबसं ऐकू येतंय, २ बिटच जातात आणि त्यातली पण बहुतेक जागा चुका दुरुस्त करायच्या कोडिंगला लागते. १ आणि १५ मध्ये जवळजवळ ३६ पटींचा फरक आहे. ब्लॉक तोच, मिलिसेकंद तोच, पण एकाकडे ३६ पट माल पोचतो!

आता खरा प्रश्न. जवळचा अ एकटा असेल तर त्याला ४० एमबीपीएस मिळतात, लांबचा ब एकटा असेल तर ४. दोघं एकदम आले तर काय करायचं?

सगळं अ ला दिलं तर टॉवरचं एकूण काम ४०, पण ब उपाशी. दोघांना सारखे बिट द्यायचे म्हटलं तर ११ पैकी १० तुकडे ब ला द्यावे लागतात, आणि दोघांना मिळतात ३.६, एकूण जेमतेम ७.३. सारखा वेळ दिला तर अ ला २०, ब ला २, एकूण २२. म्हणजे "सारखं वाटा" एवढं म्हणून भागत नाही, सारखं काय वाटायचं ते आधी ठरवावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे, वेळ वाटावा, बिट नाही.

पण खरी मजा पुढे आहे. हे ४० आणि ४ स्थिर नसतात. लाटा भिंतींवर, गाड्यांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतात, कुठं एकमेकींना जोर देतात, कुठं एकमेकींना मारतात. १८०० मेगाहर्ट्झला लाटेची लांबी साधारण १७ सेंटिमीटर, म्हणजे फोन टेबलावर ८ सेंटिमीटर सरकवला तरी चित्र बदलू शकतं. समजा अ कधी ५० वर असतो कधी ३० वर, आणि ब कधी ६ वर कधी २ वर, अर्धा अर्धा वेळ, एकमेकांशी संबंध नाही. मग टॉवरने डोळे झाकून पाळी लावण्यापेक्षा प्रत्येकाचा आत्ताचा वेग भागिले त्याला गेल्या थोड्या वेळात मिळालेली सरासरी असं बघावं आणि ज्याचा भागाकार मोठा त्याला तुकडा द्यावा. ब ची तुलना अ शी नाही, ब ची स्वतःशीच. कागदावर करून बघा, सगळं स्थिरावल्यावर अ ला २२.५ मिळतात आणि ब ला २.७. पाळी लावून २० आणि २ मिळत होते. दोघांचाही फायदा झाला, आणि कोणाच्या तोंडचं काढून घेतलं नाही. बदलता सिग्नल हा शत्रू आहे असं आपण धरून चालतो, इथं त्याच चढउतारातून जास्तीचा माल निघाला!

याला प्रपोर्शनल फेअर म्हणतात. अशा वाटपामागचं गणित केंब्रिजच्या फ्रँक केली यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी वायरच्या नेटवर्कसाठी मांडलं (सगळ्यांच्या वेगांच्या लॉगची बेरीज जास्तीत जास्त करायची), आणि २००० च्या आसपास डेव्हिड त्से आणि क्वालकॉमच्या मंडळींनी ते सीडीएमए या जुन्या मोबाईल तंत्राच्या ईव्ही-डीओ या डेटा सेवेत बसवलं. थ्रीजी यायच्या सुमारास आपल्याकडे सीडीएमएचे यूएसबी डोंगल मिळायचे ना, तेच ईव्ही-डीओ. तिथं १.६७ मिलिसेकंदाचा एक स्लॉट, अख्खा स्लॉट एकाच फोनला, आणि फोन स्वतः सांगायचा मला आत्ता किती वेगाने दे, ३८.४ केबीपीएस पासून २४५७.६ पर्यंत.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देतो.

ठाण्याची_मेघा:
छान लिहिलंय, अ आणि ब चं गणित वहीत केलं, जमलं. पण माझी शंका वेगळी आहे. आई राजापूरजवळ गावी असते, घरात एका खिडकीतच रेंज येते, फोन तिथंच ठेवलेला, हलत नाही, आसपास गाड्या नाहीत माणसं नाहीत, म्हणजे तिचा सिग्नल कमी आहे आणि वर तो बदलत पण नाही. मग या सगळ्या हुशारीचा तिला काय उपयोग? संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला की तिचा चेहरा थिजतो, मला फार वाईट वाटतं हो.

रेडिओवाला:
मेघाताई, अगदी नेमकं विचारलंत. चढउतार नसेल तर या पद्धतीचा जास्तीचा फायदा शून्य, फक्त वेळेचा सारखा वाटा तेवढा मिळतो. फायदा किती तो फोनच्या संख्येवर आणि चढउतारावर असतो. सगळे फोन सारखेच आणि सिग्नल भरपूर वरखाली होणारा (रेले फेडिंग), आणि वेग सिग्नलच्या ताकदीच्या प्रमाणात, असं धरलं तर पाळीच्या तुलनेत फायदा १ + १/२ + १/३ असा वाढत जातो, दोघं असतील तर दीडपट, चौघं असतील तर दुपटीच्या जरा वर. स्थिर फोनला यातलं काही नाही.

यावर २००२ मध्ये प्रमोद विश्वनाथ, डेव्हिड त्से आणि राजीव लारोया यांनी एक भन्नाट कल्पना मांडली. चढउतार नाहीत ना, मग आपणच तयार करू! टॉवरवर दोन अँटेना लावायच्या, दोन्हीतून तोच सिग्नल, पण त्यांची ताकद आणि फेज हळूहळू आपणच बदलत राहायची. त्यामुळे टॉवरचा झोत जणू परिसरात फिरत राहतो, आणि ज्या क्षणी तो आईच्या खिडकीवर येईल त्या क्षणी तिचा भागाकार वर जातो आणि शेड्यूलर आपोआप तिला निवडतो. आता ४जी-५जी मध्ये फोनच्या रिपोर्टवरून झोत थेट त्याच्याकडे वळवतात, पण ती कल्पना वाचली तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो होतो.

तुमच्या आईसाठी आज करता येण्यासारखं म्हणजे फोनमध्ये कमी फ्रीक्वेन्सीचे बँड चालू आहेत ना बघा (८५०, ९००), ते भिंतीतून आणि झाडीतून जास्त आत येतात. बाहेर अँटेना असलेला सिमवाला राऊटर मिळतो, तो छपराजवळ लावला तर सीक्यूआय ३-४ वरून ८-९ वर जाऊ शकतो, आणि तेवढ्याच वेळेच्या वाट्यात तिप्पट-चौपट किंवा त्याहून जास्त माल येतो. संध्याकाळी गर्दी असते तेव्हा वेळेचा वाटा वाढवणं तुमच्या हातात नाही, त्या वाट्यात किती मावतं ते मात्र आहे.

डोंबिवली_फास्ट:
आमचं काय? लोकलमध्ये कळवा ओलांडलं की नेट कधी सुसाट कधी ठप्प. तुमच्या हिशोबाने लोकलमध्ये सिग्नल सगळ्यात जास्त वरखाली होतो, म्हणजे फायदा पण सगळ्यात जास्त व्हायला पाहिजे, होतो मात्र उलटा.

किस्टावासी:
याचं उत्तर मी देतो, मी स्टॉकहोमजवळ याच क्षेत्रात काम करतो (मूळ सांगलीचा). चढउतार नुसता असून चालत नाही, तो टॉवरला वेळेत कळला पाहिजे.

लोकल ९० च्या वेगाने चाललीय म्हणजे सेकंदाला २५ मीटर. १८०० मेगाहर्ट्झला डॉपलर (वेगामुळे लाटेच्या फ्रीक्वेन्सीत पडणारा फरक) येतो साधारण १५० हर्ट्झ, म्हणजे सिग्नल एका अवस्थेत टिकतो फारतर ३ मिलिसेकंद. आता फोनने मोजायचं, रिपोर्ट पाठवायचा, टॉवरने तो वाचायचा आणि त्यावर निर्णय घ्यायचा यात ५ ते ८ मिलिसेकंद सहज जातात, शिवाय रिपोर्ट काही दर मिलिसेकंदाला येत नाही, ५, १०, ४० मिलिसेकंदांनी एकदा असा सेट केलेला असतो. म्हणजे टॉवर ज्या शिखराच्या भरवशावर तुम्हाला निवडतो ते शिखर तोवर मागे गेलेलं असतं, तुम्ही खड्ड्यात असता, पॅकेट फुटतं आणि परत पाठवायला निदान ८ मिलिसेकंद थांबावं लागतं. तेच चालत जाणाऱ्या माणसाचं बघा, ३ किमी वेगाला डॉपलर ५ हर्ट्झ, सिग्नल ८० मिलिसेकंद टिकतो, टॉवरला आरामात पकडता येतो. चालणारा माणूस हे या पद्धतीचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक.

म्हणून टॉवर फोनच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवत नाही, स्वतःची एक दुरुस्ती ठेवतो. पॅकेट फुटलं की अंदाज ०.९ डीबी खाली, नीट पोचलं की ०.१ डीबी वर, असं काहीतरी. या दोन आकड्यांचं प्रमाण ९ ला १ ठेवलं की पहिल्या प्रयत्नात फुटणारी पॅकेटं आपोआप १० टक्क्यांवर येऊन थांबतात. लोकलमधल्या फोनसाठी ही दुरुस्ती भरपूर खाली बसते, म्हणजे टॉवर जपून, कमी बिट कोंबून पाठवतो. त्यात डब्याचं लोखंड, एकाच वेळी हजारो फोन एका सेलमधून (टॉवरच्या हद्दीतून) दुसऱ्यात उडी मारणार, आणि नव्या टॉवरवर तुमची सरासरी आणि ही दुरुस्ती परत पहिल्यापासून. कळव्याला तेच होतंय.

डोंबिवली_फास्ट:
आत्ता कळलं. म्हणजे दादरला गाडी थांबली की एकदम मेसेज धडाधड येतात ते त्यामुळंच तर.

किस्टावासी:
हो, गाडी थांबली की रिपोर्ट ताजा ठरतो आणि दुरुस्ती हळूहळू वर येते.

पेठेतला_राऊटर:
वायफायची बाजू कोणी घेतली नाही म्हणून लिहितो, आणि यात पुण्याचा धागा आहे म्हणून जास्त प्रेमाने लिहितो.

१९९६ मध्ये प्रवीण भागवत आणि सहकाऱ्यांनी वायरलेस लॅनसाठी एक पेपर लिहिला होता, शेड्यूलिंग चॅनलची अवस्था बघून करा असं सांगणारा. (हेच भागवत पुढे एअरटाइट नेटवर्क्सच्या संस्थापकांपैकी एक, ज्यांचं इंजिनिअरिंगचं मोठं काम पुण्यात चालायचं.) तेव्हा सगळ्यांची पॅकेटं एकाच रांगेत. तिकीट खिडकीवर पहिलाच माणूस सुटे पैसे शोधत बसला की मागचे सगळे हातात मोजून पैसे घेऊन उभे, तसंच, ज्याचा सिग्नल पडलाय त्याचं पॅकेट पुढे असेल तर ते परत परत पाठवत बसायचं आणि बाकीच्यांचा सिग्नल चांगला असून ते अडकलेले. त्यांचं म्हणणं, प्रत्येकाची रांग वेगळी करा, ज्याची लिंक खराब आहे त्याला जरा बाजूला उभं करा आणि दुसऱ्याला पाठवा. आज साधं वाटतं, पण मोबाईलचा शेड्यूलर करतो त्याची सुरुवात तिथं दिसते.

आणि तरी घरोघरच्या वायफायमध्ये बरीच वर्षं उलटंच चालू होतं. २००३ मध्ये फ्रान्समधल्या मंडळींनी दाखवलं की ८०२.११बी च्या नेटवर्कमध्ये एक लॅपटॉप लांब जाऊन १ एमबीपीएसवर आला की ११ वाले बाकीचे सगळे त्याच्याबरोबर १ च्याही खाली जातात. कारण वायफाय प्रत्येकाला सारखी पॅकेटं पाठवू देतं, सारखा वेळ नाही, म्हणजे रेडिओवाला यांच्या उदाहरणातला "सारखे बिट" वाला प्रकार. माझ्याकडे अगदी हेच होतं, आतल्या खोलीत वडिलांचा जुना टॅबलेट चालू झाला की हॉलमधला टीव्ही बफर व्हायचा. २०१७ मध्ये लिनक्सच्या वायफायमध्ये वेळ वाटणारा शेड्यूलर आला, ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीची मोफत लिनक्स सिस्टीम) टाकता येणारा आणि चालणारी चिप असलेला राऊटर घ्या, फरक डोळ्यांना दिसतो. टॅबलेट तसाच संथ आहे पण टीव्ही आता अडखळत नाही.

कोल्हापुरी_कायदा:
वेळ सारखा वाटणं "फेअर" हे मला अजून पटत नाहीये. दोघांनी रिचार्ज एकाच किमतीचा मारलाय, एकाला २२ आणि दुसऱ्याला २.७, आणि ज्याला २.७ तो बहुतेक वेळा खेड्यातला नाहीतर इमारतीच्या आतल्या खोलीतला. टॉवर कुठं लावायचा ते काही त्याने ठरवलं नव्हतं. अंतराची शिक्षा त्याला का? मला वाटतं निदान एक किमान वेग सगळ्यांना मिळालाच पाहिजे, मग उरलेलं हवं तसं वाटा.

रेडिओवाला:
कायदासाहेब, मुद्दा योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. किमान वेगाची हमी देणारे शेड्यूलर आहेत, ४जी-५जी च्या स्टँडर्डमध्ये हमीच्या वेगाचे बेअरर (फोनसाठी नेटवर्कने आखलेली डेटाची वाट) आहेत, व्हॉइस कॉल तसाच जातो. पण साध्या डेटासाठी सगळ्यांना हमी दिली आणि सेलच्या टोकाला सीक्यूआय १-२ वाले दहा जण आले तर सगळे ब्लॉक त्यांच्यातच संपतील आणि ते दहाही असमाधानी राहतील. अंतराचा अन्याय शेड्यूलरने निस्तरायचा नसतो, तो टॉवर वाढवून निस्तरायचा असतो. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी पालघरच्या गावांमध्ये टीव्हीच्या रिकाम्या बँडमधून इंटरनेट नेऊन दाखवलं होतं, तसलं काम हवंय. शेड्यूलरने एकच करायचं, जे आहे त्यातलं वाया घालवायचं नाही आणि कोणाला पूर्ण विसरायचं नाही.

कोल्हापुरी_कायदा:
टॉवर वाढवण्याबद्दल एकमत. किमान वेगाबद्दल मी माझ्या मतावर आहे, शेवटी ते सेटिंग माणूसच करतो, निसर्गनियम नाही तो.

रेडिओवाला:
ते मान्य. शेड्यूलरमध्ये भागाकाराच्या वरच्या आणि खालच्या आकड्याला वेगवेगळे घातांक लावता येतात, एका टोकाला सगळ्यांना सारखे बिट आणि दुसऱ्या टोकाला नुसता वेग, मध्ये कुठं उभं राहायचं ते ऑपरेटर ठरवतो.

शांत_सरिता:
व्हॉइसचं वर आलंच आहे तर, कॉलला पण हाच नियम लावतात का? माणूस बोलतोय आणि टॉवर म्हणतोय थांब, तुझं शिखर येऊ दे?

किस्टावासी:
नाही, आणि इथंच प्रपोर्शनल फेअरची मर्यादा आहे. त्या भागाकारात कुठंही घड्याळ नाही, पॅकेट किती वेळ ताटकळलंय हे त्याला दिसतच नाही. व्होल्टीमध्ये (४जी वरून जाणारा व्हॉइस कॉल) दर २० मिलिसेकंदाला आवाजाचं एक छोटं पॅकेट तयार होतं आणि फोनपासून नेटवर्कपर्यंत १०० मिलिसेकंदांत पोचायला हवं असं ठरलेलं आहे, उशिरा आलेलं टाकूनच द्यायचं.

ताटकळण्याचा विचार करणारे नियम वेगळ्या घराण्यातले. टासियुलास आणि एफ्रेमिडीस यांनी १९९२-९३ मध्ये दाखवलं की रांगेची लांबी आणि आत्ताचा वेग यांचा गुणाकार बघून निवडलं तर, कुठल्याही शेड्यूलरला जेवढा लोड पेलणं शक्य आहे तेवढा हा पेलतो, रांगा फुगत जात नाहीत, आणि गंमत म्हणजे लोड किती येणार ते आधी माहीत असावं लागत नाही. प्रपोर्शनल फेअरला ही हमी नाही, मॅथ्यू अँड्र्यूज यांनी २००४ मध्ये उदाहरण देऊन दाखवलं की लोड पेलण्यासारखा असताना पण त्याच्या रांगा फुगू शकतात. त्याआधी २००१ मध्ये बेल लॅब्जमधून (अँड्र्यूज त्यातही होते) दोन्हींचा मेळ घालणारा नियम आला, प्रपोर्शनल फेअरचा भागाकार गुणिले रांगेतल्या पहिल्या पॅकेटचा ताटकळलेला वेळ. पॅकेट ताजं असेल तर चांगल्या सिग्नलची वाट बघतो, डेडलाईन जवळ आली की सिग्नल वाईट असला तरी पाठवून मोकळा होतो. प्रत्यक्षात व्होल्टीला बहुतेक ठिकाणी सरळ वरची प्रायॉरिटी देतात, पॅकेटं इतकी लहान असतात की बाकीच्यांना फारसं कळत पण नाही.

शांत_सरिता:
आणि फोनने खोटं सांगितलं तर? कायम १५ च सांगायचं.

किस्टावासी:
मग टॉवर ६-६ बिट कोंबून पाठवणार, फोनला ते वाचता येणार नाही, आणि वर लिहिलेली दुरुस्ती त्याला खाली ओढत नेणार. नुकसान त्याचंच. पण हुशारीने, थोडं थोडं खोटं सांगून वाटा वाढवता येतो असं संशोधनात दाखवलेलं आहे. दुसरा प्रकार म्हणजे काही वेळ गप्प राहायचं. सरासरी घसरते, मग एकदम मागितलं की भागाकार प्रचंड मोठा आणि सलग तुकडे त्यालाच. म्हणून रांग रिकामी असताना सरासरी तशीच घसरू द्यायची की नाही हे फार विचार करून ठरवावं लागतं.

इस्लामपूरचा_ईएनटीसी:
सर, मी शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी एनएस-३ (नेटवर्कचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर) मध्ये एलटीईचा म्हणजे ४जी चा राऊंड रॉबिन (नुसती पाळी) आणि प्रपोर्शनल फेअर शेड्यूलर चालवून बघतोय. १० फोन, एक टॉवर, पण दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखेच येतायत. गाईड म्हणतात कोड चेक कर. काय बघू?

रेडिओवाला:
कोडला हात लावू नकोस. तू फेडिंग (सिग्नलचा चढउतार) लावलं आहेस का? नुसतं अंतराप्रमाणे सिग्नल कमी होणारं मॉडेल असेल आणि फोन उभे असतील तर प्रत्येकाचा वेग स्थिर, मेघाताईंच्या आईसारखा, मग दोन्ही शेड्यूलर वेळच वाटणार आणि आकडे सारखे येणारच. एनएस-३ बरोबर फेडिंगच्या तयार फायली येतात, चालणाऱ्यासाठी ३ किमी वेगाची ईपीए आणि गाडीसाठी ६० किमीची ईव्हीए. आधी ३ वाली लाव, फरक दिसायला लागेल. मग ६० वाली लाव. टीसीपीऐवजी (ते नेट बघून वेग स्वतःच कमीजास्त करतं) यूडीपी लाव (ते तसं करत नाही) आणि रांगा कायम भरलेल्या ठेव, नाहीतर टीसीपीचे स्वतःचे चढउतार मध्ये येतात आणि काय कशामुळे झालं ते कळत नाही.

इस्लामपूरचा_ईएनटीसी:
लावलं सर! ३ किमीला प्रपोर्शनल फेअर सगळ्या फोनला वर घेऊन गेला, लांबच्यांना पण. ६० ला फरक बराच कमी झाला. फोनची संख्या वाढवून बघू का?

किस्टावासी:
वाढव, २, ५, १०, २० असा ग्राफ काढ, फायदा वाढत जातो पण वाढ मंदावते हे दिसलं पाहिजे. आणि सरासरी किती काळाची धरायची तो आकडा पण बदलून बघ, ईव्ही-डीओ मध्ये तो १००० स्लॉट म्हणजे दीड-पावणेदोन सेकंद धरायचे. फार लहान ठेवलास तर शेड्यूलर शिखराची वाट बघत नाही आणि पाळीसारखा वागतो, फार मोठा ठेवलास तर एखादा फोन बराच काळ ताटकळतो. प्रत्येक फोनला दोन पाळ्यांमध्ये जास्तीत जास्त किती थांबावं लागलं तेही मोजून ठेव, परीक्षेला बाहेरून येणारे तेच विचारतील.